रोजची शांत वेळ : वेळ काढायची कशी आणि टिकवायची कशी?

उषःकाल (धागाकर्ता)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

शांत वेळेचा, म्हणजे रोज एकट्याने पवित्र शास्त्र (बायबल) वाचून प्रार्थना करण्याचा, विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'इच्छा आहे हो, पण वेळच मिळत नाही.' खरोखर वेळ नसलेले लोकही आहेत, त्यांच्याविषयी या धाग्यात पुढे बोलूच. पण बऱ्याच जणांकडे वीस मिनिटं असतात. त्यातली पाच 'आज काय वाचावं' यात जातात, दोन-तीन चष्मा आणि पेन शोधण्यात. मग एखादा अध्याय नुसता डोळ्यांखालून जातो आणि प्रार्थनेच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, तीही घड्याळाकडे बघत. असे थोडे दिवस गेले की मनाला वाटू लागतं, यातून काही हाती लागत नाही. मग एक दिवस गजर बंद होतो तो कायमचाच.

म्हणून माझा आग्रह आहे की तयारी आदल्या रात्री व्हावी. पवित्र शास्त्र उद्याच्या उताऱ्यावर खूण घालून ठरलेल्या जागी ठेवायचं, बाजूला वही आणि पेन्सिल. उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेही पेन्सिलीने टिंब देऊन ठेवायचं. सकाळी निर्णय घेण्यासारखं काही उरता कामा नये.

वेळ ठरवताना नुसतं 'सकाळी सहाला' म्हणू नका, ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. 'तोंड धुतल्यावर, फोन हातात घेण्याआधी' हे जास्त टिकतं, कारण तोंड रोज धुतलं जातंच. आणि पंधरा मिनिटं लवकर उठायचं तर पंधरा मिनिटं लवकर झोपायला हवं. हा हिशेब न करता ठरवलेली पहाट आठवडाभरही चालत नाही.

सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरेत. पहिलं मिनिट शांत बसून स्तोत्र ११९:१८ च्या अर्थाची एक लहानशी विनंती, डोळे उघड म्हणून. मग पाच-सहा मिनिटं वाचन, दहा-बारा वचनांचंच, पण दोनदा, आणि शक्य तर ओठ हलवून. तीन मिनिटं लिहिणं. उरलेली पाच प्रार्थना. पहिल्याच दिवशी तासाभराचा संकल्प सोडू नका, अशा संकल्पांनीच जास्त लोक मागे फिरतात.

तुमच्या पद्धती, अडचणी, शंका इथे मांडा.

शब्दाचा सेवक

चांगला विषय. मी वाचनाच्या योजनेबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक गळती तिथे होते.

आकडे बघा. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. त्यात जुन्या कराराचे ९२९, नव्याचे २६०. वर्षात सगळं वाचायचं तर रोज तीन-साडेतीन अध्याय पडतात. मोठ्याने वाचलं तर संपूर्ण शास्त्राला साधारण ७० ते ८० तास लागतात, म्हणजे रोज बारा-तेरा मिनिटं. वेळ म्हणून हे फार नाही.

तरी लोक अडकतात ते लेवीयात, शास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय संपवून या वेगाने माणूस जानेवारी सरता सरता लेवीयात पोचतो. त्याआधीच निर्गमच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं, पडदे, कड्या सुरू झालेल्या असतात. कथा थांबलेली असते आणि रोजचा वेग मात्र तोच. उपाय दोन. एक म्हणजे लेवीय १६ वाचाल त्या दिवशी इब्री ९ आणि १० सोबत वाचा, प्रायश्चित्ताचा दिवस कशाकडे बोट दाखवतो ते उलगडतं. दुसरा, जास्त महत्त्वाचा : वाचन आणि मनन वेगळं करा. तीन अध्याय वाचता येतात, तीन अध्यायांवर मनन करता येत नाही. वाचून झाल्यावर एकच वचन निवडा आणि तेवढंच घेऊन बसा.

नव्या माणसाने संपूर्ण शास्त्राची योजना घेऊच नये असं माझं मत. नवा करार घ्या. २६० अध्याय म्हणजे आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस मोकळे राहतात, चुकलेलं तिथे भरून निघतं.

पाऊलवाट

+१. योजनेवर तारखा छापलेल्या असल्या की घात होतो. चार दिवस चुकले की तेरा-चौदा अध्यायांचं कर्ज डोक्यावर बसतं, मग माणूस शनिवारी बसून ते 'फेडतो', आणि त्यात काय वाचलं ते संध्याकाळी आठवत नाही. चुकलेलं भरून काढू नका. जिथे खूण आहे तिथून पुढे चला. तारखांऐवजी नुसत्या चौकटी असलेला कागद करा, वाचलं की चौकटीत खूण. वर्षाऐवजी चौदा महिने लागले तर लागू द्यात.

जुनं पान

योजनांचा इतिहास बघितला तर या धोक्यांची जाणीव जुन्यांना होती असं दिसतं. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरी मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षाची योजना आखली. दिवसाला चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. आजही ती जगभर वापरली जाते. योजना देतानाच त्यांनी तिचे धोकेही लिहून दिले होते : वाचन नुसता उपचार होणं, कोटा पुरा केल्याचा अभिमान चढणं, घाईने वाचणं, आणि काहींच्या मानेवर ते न पेलणारं जू होऊन बसणं. योजना बनवणाऱ्यानेच हे सांगितलंय, म्हणून ज्याला चार अध्याय झेपत नाहीत त्याने बिनदिक्कत दोन करावेत.

स्तोत्रांसाठी त्याहूनही जुनी सोय आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली होती. घरी त्याहून सोपा हिशेब चालतो. आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. पाच तारखेला स्तोत्र ५, ३५, ६५, ९५, १२५. पाचही वाचायची गरज नाही, चाळून त्यातलं एक निवडा आणि तीच आजची प्रार्थना करा. एकतीस तारखेला स्तोत्र ११९ मधला एक भाग, आठ वचनांचा. त्यात असे २२ भाग आहेत.

लिलीचं फूल

घरात तान्हं बाळ असेल तर? रात्री तीनदा उठणं, सकाळी डोळे उघडत नाहीत. पंधरा मिनिटं सलग मिळणं अशक्य असतं. अशा आईने काय करावं?

मार्थाची बहीण

लिलीताई, या काळात सलग पंधरा मिनिटांची अपेक्षाच बाजूला ठेवावी. बाळाला पाजायला जिथे बसता तिथे, नजरेच्या उंचीवर, एक वचन मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. आठवडाभर तेच. दिवसातून सात-आठदा बसणं होतं, प्रत्येक वेळी ते एकदा हळू म्हणायचं आणि त्यातल्या एका शब्दावर प्रार्थना करायची. यशया ४०:११ पासून सुरुवात करा, तिथे मेंढपाळ पोरं पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो.

रात्रीच्या पाजण्याच्या वेळी फोनवर वाचू नका, उजेडाने झोप उडते. त्याऐवजी ध्वनिमुद्रित शास्त्र हळू आवाजात लावा. मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय पाच-सात मिनिटांत होतो. ऐकता ऐकता डोळा लागला तर लागू द्या, त्यात पाप नाही.

आणि हे मी घरातल्या बाकीच्यांना उद्देशून लिहिते आहे. आईची शांत वेळ ही तिची एकटीची जबाबदारी नाही. दिवसातून एकदा वीस मिनिटं बाळ बापाने किंवा आजीने घ्यावं, दुसऱ्या खोलीत न्यावं, आणि त्या वीस मिनिटांत तिला कपडे घड्या करायला लावू नये. नवऱ्याची पहाटेची प्रार्थना अखंड चालते आणि बायकोला वर्षभर शास्त्र उघडता येत नाही, हे ज्या घरात चालतं तिथे त्या प्रार्थनेतच काहीतरी राहून गेलंय.

उषःकाल

पूर्ण अनुमोदन. शेवटचा परिच्छेद मंडळीत वाचून दाखवावा असा आहे.

तिसरा प्रहर

पाळी बदलणाऱ्या नोकरीचं काय? एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. 'पहाटेची वेळ' हा शब्दच तिथे लागू पडत नाही.

शब्दाचा सेवक

घड्याळ सोडून द्या आणि जागं होण्याला धरा. उठल्यावर पहिलं काम, मग ते सकाळी सहाला असो की दुपारी दोनला. रात्रपाळीहून आल्यावर लगेच वाचायला बसण्याचा मोह होतो, 'एकदाचं उरकू' म्हणून. पण तेव्हा डोळे ओळीवर ठरत नाहीत. त्या वेळी फक्त दोन मिनिटं उपकारस्तुती करून झोपा, वाचन उठल्यावर.

पाळी बदलते त्या दिवशी हमखास खंड पडतो, कारण त्या दिवशी झोपेचे तुकडे होतात. त्या एका दिवसासाठी लहान भाग आधीच नेमून ठेवा. स्तोत्र १३४ तीनच वचनांचं आहे आणि रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. स्तोत्र ११७ तर दोनच वचनांचं. खंड पडू न देण्यासाठी एवढंही पुरतं.

कृपाच पुरे

विरोधी सूर लावतो, रागावू नका. मिनिटं, चौकटी, योजना, टिंबं. आपण नियमशास्त्रातून, म्हणजे मोशेच्या नियमांच्या बंधनातून, सुटलो आहोत ना? प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दिवस आणि महिने पाळण्यावरूनच बोल लावतो. ज्याला ओढ लागेल तो वाचेल. नेमाने केलेली भक्ती यांत्रिक होते हे मंडळ्यांमध्ये डोळ्यांनी दिसतं.

जुनं पान

गलतीकरांस ४:१० चा मुद्दा योग्य आहे, पण पौलाचा आक्षेप नेमका कशावर आहे ते पाहा. ते लोक त्या पाळण्याने देवापुढे नीतिमान ठरू पाहत होते. शांत वेळ चुकली म्हणून देव आज आपल्यावर नाराज आहे, किंवा झाली म्हणून दिवस चांगला जाईलच, असं ज्याला वाटतं त्याला तुमची सूचना अगदी लागू आहे. त्याने एखादा आठवडा चौकटींचा कागद बाजूला ठेवावा.

पण ठरलेली वेळ म्हणजेच नियमशास्त्र, हे पटत नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि बंदीचा हुकूम निघाल्यावरही, दानीएल ६:१० प्रमाणे, 'पूर्वीप्रमाणेच' टेकत राहिला. आधीची सवय नसती तर त्या दिवशी ती कुठून आली असती? पेत्र आणि योहान मंदिरात जात होते तेही प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी, प्रेषितांची कृत्ये ३:१. ओढ लागेल तेव्हाच वाचायचं ठरवलं तर जिच्या बळावर ओढ लागते तेच बंद पडतं.

कृपाच पुरे

'पूर्वीप्रमाणेच' हा मुद्दा मान्य. तरी नव्याला पहिल्याच दिवशी वेळापत्रक देऊ नये यावर मी ठाम आहे. आधी शुभवर्तमान दाखवा, येशू कसा आहे ते त्याला दिसू द्या.

पेन्सिल

मननाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही अजून. 'मनन करा' म्हणतात, पण त्या तीन-चार मिनिटांत नक्की करायचं काय हे सांगत नाहीत. एक उतारा घेऊन दाखवते. मार्क १:३५-३९.

पहिल्यांदा वाचताना फक्त काय घडलं ते बघायचं. येशू पहाटे अंधारातच उठतो, एकांतात जातो, प्रार्थना करतो. शिमोन आणि सोबती शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणतात. तो म्हणतो, आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ.

दुसऱ्यांदा वाचताना मागचा भाग बघायचा, हे लोक विसरतात. २९ ते ३४ मध्ये आदला दिवस आहे. शब्बाथ, सभास्थान, पेत्राच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर सारं नगर दाराशी लोटलेलं. म्हणजे ३५ व्या वचनातली पहाट ही थकव्याच्या रात्रीनंतरची आहे.

मग पेन्सिल. मी तीन प्रश्न विचारायला सांगते : इथे देवाबद्दल काय दिसतं, माणसांबद्दल काय दिसतं, आणि आज मी यातलं काय मानणार किंवा करणार. या उताऱ्यात नजरेत भरतं ते असं की 'सगळे तुला शोधताहेत' ही हाक खरी होती, गरजाही खऱ्या होत्या, तरी येशूने दिवसाची दिशा त्या हाकेवरून ठरवली नाही. पित्याजवळून उठल्यावर त्याला कुठे जायचं ते ठाऊक होतं.

वहीत तीनच ओळी. पहिली : तारीख आणि संदर्भ. दुसरी : जे दिसलं ते एका वाक्यात. तिसरी : आजचं एक पाऊल. तिसरी ओळ 'प्रेमाने वागेन' अशी लिहिलीत तर दुपारपर्यंत ती विरून जाते. 'जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करून कालच्या बोलण्याची माफी मागेन' अशी लिहा, म्हणजे रात्री ती झाली की नाही हे तपासता येतं. रोज पाऊल सापडेलच असं नाही. कधी उतारा फक्त स्तुती करायला लावतो, तेव्हा ओढूनताणून आज्ञा काढू नका.

आणि प्रत्येक वचन लगेच स्वतःला चिकटवू नका. यिर्मया २९:११ आधी बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. तेवढं वाचल्यावर त्यातलं सांत्वन कमी होत नाही, खोल होतं.

उषःकाल

पेन्सिलताई, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मननानंतर प्रार्थनेत मन भटकतं, त्यावर कोणी लिहाल का?

गुडघ्यांवर

ब्रिस्टलच्या अनाथालयांचे जॉर्ज म्युलर यांची यावरची नोंद १८४१ ची आहे. आधी ते उठल्या उठल्या प्रार्थनेला लागत आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास मन भटकण्यातच जाई. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी वचन उघडायचं, त्यावर मनन करायचं, आणि त्यातूनच जे उठेल, उपकार, पापांगीकार, मध्यस्थी, ते तिथल्या तिथे देवाजवळ बोलायचं. मन भटकणाऱ्या बहुतेकांना एवढ्या एका बदलाने फरक पडतो, कारण बोलायला विषय समोर असतो.

मार्टिन ल्यूथरनेही १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याने, पेत्राने, प्रार्थना कशी करावी विचारलं तेव्हा त्याला असाच हाताशी धरता येणारा मार्ग लिहून दिला. दहा आज्ञांपैकी एक घ्यायची आणि तिच्यावरून चार गोष्टी : ही मला काय शिकवते, कशाबद्दल उपकार मानू, काय कबूल करू, काय मागू. हे कुठल्याही वचनाला लागू पडतं.

बाकी साध्या युक्त्या. डोळे मिटून मनातल्या मनात केलेली प्रार्थना सर्वांत लवकर भरकटते. कुजबुजत्या आवाजात बोला किंवा चालत करा. शेजारी एक चिठोरं ठेवा, 'बिल भरायचं' आठवलं की दोन शब्द लिहा आणि परत या. न लिहिता ते दाबायला गेलात तर पाच मिनिटं तेच घोळत राहील.

मध्यस्थीची यादी आठवड्यावर वाटा. घरचे रोज. बाकी सोमवारी मंडळी आणि पाळक, मंगळवारी आजारी, बुधवारी ज्यांना अजून सुवार्ता पोचली नाही ते, असं. एका दिवशी पाच-सहा नावांपेक्षा जास्त नको, नाहीतर ती हजेरी होते. नावापुढे 'आशीर्वाद दे' न लिहिता नेमकी विनंती लिहा, पुढे दोन रकाने : मागितल्याची तारीख, उत्तराची तारीख. तीन महिन्यांनी यादी नव्याने लिहा. उत्तराचा रकाना बराच काळ कोरा राहिला म्हणून नाव गाळू नका, लूक १८:१ त्यासाठीच आहे.

शिंपल्यातला मोती

मी कॅथलिक आहे, आमच्याकडच्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील असं वाटतं.

वाचन काय घ्यावं हा प्रश्न मिस्सातील (आमच्या चर्चमधल्या उपासनेतील) रोजच्या वाचनांनी सुटतो. ती ठरलेली असतात. रविवारची तीन वर्षांच्या चक्रात, आणि सामान्य काळातल्या इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात. रोज फक्त शुभवर्तमान घेतलं तरी चालतं, आणि त्याच दिवशी जगभर तेच वाचलं जातंय ही जाणीव एकट्याने बसणाऱ्याला धीर देते. (आमच्या शास्त्रात ७३ पुस्तकं आहेत, त्यामुळे वरचे अध्यायांचे हिशेब थोडे बदलतील.)

वाचण्याची रीत बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी दुसरा ग्वीगो याने चार पायऱ्यांत मांडली होती : वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर शांत राहणं. चौथी पायरी आपण सगळेच गाळतो. शेवटची दोन मिनिटं काही न मागता बसून बघा.

दुसरी गोष्ट रात्रीची. संत इग्नाशियसने शिकवलेली दिवसाची तपासणी, दहा मिनिटांची. आजच्या देणग्यांबद्दल उपकार, मग प्रकाशाची मागणी, मग सकाळपासून दिवस क्रमाने आठवणं, जिथे चुकलो तिथे क्षमा, आणि उद्यासाठी निश्चय. सकाळी ज्यांना जमतच नाही त्यांनी इथून सुरू करायला हरकत नाही. अंथरुणावर आडवं होऊन करू नका, तिसऱ्या पायरीवर झोप लागते. खुर्चीत बसा.

पाऊलवाट

पेन्सिलताईंची तिसरी ओळ रात्री तपासायची ती इथेच. दोन्ही छान जुळतात.

नवी पालवी

फोनवर शास्त्र वाचलेलं चालतं का? रोजचं वचन पाठवणारी ॲपं आहेत, मनन पुस्तिकाही असतात. तेवढं पुरतं का?

पेन्सिल

वचन कागदावरचं असो की पडद्यावरचं, वचनच. अडचण आहे ती आजूबाजूच्या गोष्टींची. फोन वापरायचा असेल तर शास्त्र आधी उतरवून घ्या, विमान मोड लावा आणि मगच उघडा. सलग दिवस मोजणारा आकडा ॲपमध्ये बंद करता येत असेल तर करा. ॲप उघडलं की दिवस मोजला जातो, मग वाचलं नाही तरी 'झालं' वाटायला लागतं. वाचता वाचता शंका आली की अर्थ शोधायला लगेच नेटवर जाऊ नका. वहीत प्रश्नचिन्ह टाका, अभ्यास संध्याकाळी.

जुनं पान

पुस्तिकांबद्दल. रोज एक वचन देण्याची परंपरा चांगली जुनी आहे. हेर्नहूटच्या मोरावियन बंधूंनी १७२८ मध्ये दररोजचं वचन घरोघरी सांगायला सुरुवात केली आणि १७३१ सालापासून ती वचनं छापून निघतात, आजतागायत. तेव्हा पुस्तिका वाईट नाही. क्रम मात्र पाळा. आधी दिलेला पूर्ण शास्त्रभाग स्वतः वाचा, वहीत एक ओळ लिहा, मग लेखकाचं वाचा. बहुतेक जण वरचं वचन ओलांडून खालची गोष्ट वाचतात, आणि दिवसभर गोष्टच लक्षात राहते.

उंबरठा

कौटुंबिक उपासनेवर कोणी लिहील का? मुलं सहा आणि अकरा वर्षांची असली तर एकाच वेळी दोघांना कसं धरून ठेवायचं?

मार्थाची बहीण

दहा मिनिटं, त्याहून एकही जास्त नको. रात्रीचं जेवण झालं की ताटावरून उठण्याआधी, कारण तेव्हा सगळे आधीच एकत्र असतात. पुन्हा जमवायला गेलात तर अर्धा तास त्यातच जातो.

शुभवर्तमानातली एक घटना, आठ-दहा वचनं. अकरा वर्षांच्या मुलाने वाचायची. मग एकच प्रश्न, आणि तो धाकट्याला आधी : 'यात तुला कोण आवडलं?' किंवा 'तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास?' मोठ्याला 'का' विचारायचं. एका गीताचं एकच कडवं. शेवटी प्रत्येकाने एका वाक्याची प्रार्थना, आणि सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मोठ्यांनी पाच मिनिटांची प्रार्थना केली की मुलं दुसऱ्या दिवशी पळ काढतात.

मुलांच्या देखत प्रार्थनेत 'याला अभ्यासाची बुद्धी दे, याचं उलट बोलणं जाऊ दे' असं म्हणू नका. ते देवाशी बोलणं राहत नाही, मुलाला रागावणं होतं, आणि मुलाला ते लगेच कळतं. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलावं असं आहे. उरलेलं तिथे बोला.

कोरडी विहीर

सगळं नेमाने चालू असूनही आत काहीच हलत नाही, शब्द नुसते शब्द राहतात, असे दीर्घ काळ येतात. तेव्हा वेळ वाढवावी की थांबवावी?

गुडघ्यांवर

वाढवू नका, थांबवूही नका. लहान करा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र १३, ४२, ८८ मोठ्याने वाचा. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही समाधान नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशूनच आहे. तेवढंच वाचून आमेन म्हटलंत तर ती पूर्ण प्रार्थना आहे.

मग कारण शोधा. कबूल न केलेलं पाप असतं, कुणाशी तुटलेलं नातं असतं, तिथे मत्तय ५:२३-२४ सरळ सांगतं आधी काय करायचं ते. पण दर वेळी पापच शोधत बसू नका. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा खाऊ-पिऊ घातलं, आणि मग बोलला. झोप अपुरी आहे का, काम अति होतंय का, ते बघा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल तर पाळकांना सांगाच आणि डॉक्टरांकडेही जा. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा. हा विश्वासाचा पराभव नाही. एकट्याने शांत वेळ जमत नसेल त्या काळात दुसऱ्या विश्वासणाऱ्याने फोनवर तुमच्यासाठी वाचावं, तुम्ही फक्त ऐकावं.

कोरडी विहीर

धन्यवाद. ८८ पूर्ण वाचलं. उद्याही तेच वाचेन.

नवी पालवी

पाठांतराचं राहिलं. वय वाढलं की लक्षात राहत नाही म्हणतात, त्यावर काही?

शब्दाचा सेवक

आठवड्याला दोन वचनं, सुटी सुटी न घेता सलग. फिलिप्पैकरांस पत्रात १०४ वचनं आहेत, म्हणजे ५२ आठवड्यांत पूर्ण पत्र पाठ. सुटी वचनं निसटतात, सलग मजकुराला आधीचं वाक्य पुढचं ओढून आणतं.

पहिल्या दिवशी दहा वेळा बघून मोठ्याने आणि पाच वेळा न बघता. दुसऱ्या दिवशी आधी न बघता म्हणा, अडलं तरच बघा. वचन हाताने लिहून काढा, प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. नवीन घेण्याआधी जुन्याची उजळणी, महिनाभर रोज, नंतर आठवड्यातून एकदा. लोक नवीन वचनं गोळा करतात आणि उजळणी सोडतात, दोष स्मरणशक्तीला देतात. भाषांतर एकच धरा. दोन भाषांतरं मिसळली की जीभ अडखळते.

तिसरा प्रहर

उद्यापासून सुरू करतोय. मार्क घेऊ की योहान?

उषःकाल

मार्क. १६ अध्याय, घटना छोट्या आणि वेगवान. शास्त्रात मधले मथळे छापलेले असतील, रोज एक किंवा दोन मथळ्यांचा भाग घ्या. पहिला भाग १:१ ते ८. तेरावा अध्याय जड जाईल, तिथे अडून राहू नका, चौदाव्यात जा. मार्क झाला की फिलिप्पैकरांस पत्र, सेवकदादा म्हणतात तसं. पाळी बदलण्याच्या दिवसासाठी स्तोत्र १३४ लिहून ठेवा. कुठे अडलं तर याच धाग्यावर अध्याय आणि वचन देऊन विचारा.